एसीला वीज नक्की किती लागते? वाचकांचे प्रश्न

प्रश्न: दीड टनाचा एसी घेतोय. १ टन म्हणजे साडेतीन किलोवॅट असं वाचलं, मग दीड टनाला सव्वापाच किलोवॅट लागणार? वायरिंग जळेल की!

नाही जळणार. टन हे उष्णता बाहेर काढायचं माप आहे, विजेचं नाही. एक टन बर्फ (९०७ किलोवाला टन) २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो ते हे माप, तासाला १२,००० बीटीयू (उष्णता मोजायचं एकक), म्हणजेच तुमचे ते साडेतीन किलोवॅट. एसी नुसती आतली उष्णता बाहेर नेऊन टाकतो, त्यामुळे वीज साधारण एक तृतीयांशच लागते. सव्वापाचला ईईआरने (एक वॅट विजेत किती वॅट उष्णता बाहेर जाते तो आकडा) भागा, ३.३ असेल तर आले १६०० वॅट, आणि २३० व्होल्टवर पॉवर फॅक्टर (व्होल्ट गुणिले अँपिअरपैकी खरंच वापरला जाणारा भाग) ०.९ धरला तर पावणेआठ अँपिअर. पण हा झाला अंदाज. युनिटच्या प्लेटवर मॅक्सिमम करंट लिहिलेला असतो, वायर आणि एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) त्यावरूनच ठरवा, कारण इन्व्हर्टर एसी कडक उन्हात रेटेडपेक्षा जास्तही खेचतो.

प्रश्न: एसी सुरू केला की एमसीबी पडतो. १६ अँपिअरचा काढून ३२ चा टाकू का?

अजिबात नको! एमसीबी एसीला वाचवायला नाही तर भिंतीतल्या वायरला वाचवायला असतो, २.५ स्क्वेअर एमएमच्या वायरवर ३२ चा टाकलात तर वायर तापत राहील आणि एमसीबी गप्प बसेल. आधी बघा पडतो कधी. चालू करताक्षणी पडत असेल तर बहुतेक बी कर्व्हचा लागलाय (कर्व्ह म्हणजे किती पट करंटला एमसीबी लगेच पडतो तो प्रकार). जुन्या पद्धतीचा, म्हणजे इन्व्हर्टर नसलेला कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सहा पट करंट घेतो, आणि बी कर्व्ह त्याच्या रेटिंगच्या तीन ते पाच पटीतच पडतो. तिथे १६ चाच पण सी कर्व्हचा लावा, तो पाच ते दहा पटीत पडतो. तोही पडला तर कपॅसिटर तपासून घ्या, व्होल्टेज कमी येतंय का तेही. आणि १०-१५ मिनिटं चालून मग पडत असेल तर प्रकरण वेगळं, टर्मिनलचा स्क्रू ढिला असेल, आउटडोअरची जाळी धुळीने भरली असेल नाहीतर त्याच लाईनवर दुसरं काहीतरी जड चालू असेल.

प्रश्न: ५ किलोवॅटच्या कनेक्शनवर दीड टनाचे दोन एसी आणि २ किलोवॅटचा गीझर चालेल?

एकदम नाही. दोन एसी ३.२, गीझर २, झाले की ५.२, फ्रिज-पंखे तर अजून धरलेच नाहीत. काही जण म्हणतात दोन्ही कॉम्प्रेसर एकावेळी थोडेच चालतात, पण सगळ्यात गरम रात्री नेमके तेच होतं, म्हणून मी एसीला सूट देत नाही. गीझर वेगळ्या वेळी लावा नाहीतर कनेक्शनचा मंजूर लोड वाढवून घ्या, आणि दोन्ही एसींना डीबीपासून (घरातला एमसीबींचा मुख्य बोर्ड) स्वतंत्र लाईन ओढा.

प्रश्न: तात्पुरता एक्सटेन्शन बोर्डवर लावला तर?

नको. त्या बोर्डवरचे सॉकेट बऱ्याचदा ६ अँपिअरचे असतात, आणि आपला आकडा वर पावणेआठ आलाय.