प्रश्न तुमचे : चेहऱ्यासाठी कोणती लेन्स?

प्रश्न : माझ्याकडे कॅनन १५००डी आहे. सोबत १८-५५ आणि ५५-२५० अशा दोन लेन्स मिळाल्या. १८-५५ने काढलेल्या फोटोत चेहऱ्यामागचं सगळं स्पष्ट दिसतं. दहा हजारांपर्यंत खर्च करू शकतो. काय घ्यावं? (सातारा)

उत्तर : आधी कपाटातली ५५-२५० बाहेर काढा. मागचं किती धूसर होऊन विरघळेल हे लेन्सचं तोंड किती मिलिमीटर उघडतं यावर ठरतं, आणि ते काढायला सोपं आहे : फोकल लेंग्थला (लेन्सवरचा मिलिमीटरचा आकडा) एफच्या आकड्याने (तो जितका लहान, तितकं तोंड मोठं) भागायचं. १८-५५ला ५५वर एफ ५.६ मिळतो, म्हणजे उघडीप जेमतेम १० मिमी. ५० मिमी एफ १.८ची २८. महागड्या ८५ मिमी एफ १.८ची ४७. आणि तुमच्या ५५-२५०ची, २५०वर एफ ५.६ला, ४५! दूरवरचा दिव्याचा ठिपका चेहऱ्याशेजारी साधारण तेवढ्याच व्यासाचा गोळा होऊन दिसतो.

मात्र जागा हवी. कॅमेरा उभा धरून डोक्यापासून छातीपर्यंतचा, साधारण ६० सेंमी उंचीचा भाग घ्यायचा तर २५०वर पावणेसात मीटर मागे जावं लागतं. गच्ची, मैदान, नदीचा घाट अशा जागा निवडा. ज्यांचा फोटो काढायचा त्यांच्या मागे आणखी पंधरा-वीस मीटर मोकळे ठेवा. भिंतीला टेकून उभं केलंत तर कुठलीच लेन्स भिंत विरघळवणार नाही. शटर १/४०० सेकंद ठेवा. लेन्समधलं स्थिरीकरण तुमचा हात सावरतं, समोरच्याची हालचाल नाही.

घरात मात्र ही लेन्स हात टेकते, कारण एफ १.८च्या तुलनेत एफ ५.६ला प्रकाश जवळजवळ दहापट कमी मिळतो. तिथे कॅननची ईएफ ५० मिमी एफ १.८ एसटीएम घ्या. तुमच्या बजेटच्या आसपास मिळेल, वजन अवघं १६० ग्रॅम. तुमच्या कॅमेऱ्याच्या छोट्या सेन्सरवर (प्रकाश टिपणाऱ्या चिपवर) ती मोठ्या, म्हणजे फुल फ्रेम सेन्सरवरच्या ८० मिमीसारखी वागते. छातीपर्यंतचा फोटो १.३५ मीटरवरून येतो. पूर्ण उभ्या माणसासाठी साडेचार मीटर लागतात, ते दहा बाय बाराच्या खोलीत नसतात. याच कारणासाठी छोट्या सेन्सरवर पहिली लेन्स म्हणून ८५ घेऊ नका, तिला त्याच फोटोसाठी साडेसात मीटर लागतील.

५० आल्यावर पहिल्याच दिवशी बहुतेकांची एक तक्रार असते : डोळे धूसर, कान स्पष्ट. सव्वा-दीड मीटरवरून एफ १.८ला फोकसची खोली, म्हणजे पुढून मागे स्पष्ट दिसणारा पट्टा, पाच-सहा सेंमीच असते. डोळ्यावर फोकस करून मग चौकट जुळवताना शरीर दोन-तीन सेंमी डोललं की डोळा निसटला. म्हणून कॅमेऱ्याला आपोआप फोकसबिंदू निवडू देऊ नका. एकच बिंदू निवडा, तो जवळच्या डोळ्यावर ठेवा आणि अ‍ॅपर्चर (एफचा आकडा) २.८ करा. तरीही फोकस दरवेळी सारखाच पुढे किंवा मागे पडत असेल तर लाइव्ह व्ह्यूवर (कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर पाहून) तेच करून पाहा. तिथे फोकस थेट सेन्सरवरून ठरतो. लाइव्ह व्ह्यूमध्ये नेमका आणि व्ह्यूफाइंडरमधून चुकीचा येत असेल, तर कॅमेरा आणि लेन्स दोन्ही सर्व्हिस सेंटरला दाखवा. १५००डीमध्ये ही दुरुस्ती मेनूतून करता येत नाही.

चेहऱ्याच्या अगदी जवळ जाऊ नका. एक मीटरच्या आत नाक मोठं आणि कान लहान दिसू लागतात. हा दोष लेन्सचा नाही, अंतराचा आहे.

प्रश्न : निकॉन डी५६००साठी जुनी ५० मिमी एफ १.८ ‘डी’ स्वस्तात मिळते आहे. घेऊ का? (नांदेड)

उत्तर : नको. त्या लेन्समध्ये फोकसची मोटर नाही आणि तुमच्या कॅमेऱ्यातही नाही, त्यामुळे प्रत्येक फोटोला हाताने फोकस करावा लागेल. नावात ‘एएफ-एस’ आणि शेवटी ‘जी’ असलेली ५० मिमी एफ १.८ शोधा. डी७५०० असता तर ‘डी’ खुशाल घ्या म्हटलं असतं.

प्रश्न : लग्नांची कामं घेते. कॅमेरा सोनी फुल फ्रेम. ८५ मिमी एफ १.८ की जी-मास्टर एफ १.४? (ठाणे)

उत्तर : एफ १.८. दोन्हींत प्रकाशाचा फरक एका स्टॉपच्या (दुप्पट प्रकाशाच्या एका पायरीच्या) दोन तृतीयांश इतकाच आहे, म्हणजे आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) २०००च्या जागी १२५०. वजन मात्र ३७१ ग्रॅमच्या जागी जी-मास्टरच्या पहिल्या आवृत्तीचं ८२०, आणि मुहूर्तापासून पंगतीपर्यंत ते मनगटावरच असतं. शिवाय वधूवर शेजारी उभे असताना दोघांचे डोळे एका रेषेत क्वचितच येतात, तेव्हा तुम्ही एफ २.८ किंवा ४वरच असणार. दोन मीटरवर एफ १.४ला खोली साडेचार सेंमी उरते. मुंडावळ्या स्पष्ट आणि डोळे धूसर, असा फोटो गिऱ्हाइकाला देता येत नाही. वाचलेल्या पैशांत चांगला फ्लॅश आणि छत्री घ्या. मंडपातल्या रंगीबेरंगी दिव्यांत त्वचेचा रंग त्यानेच सावरेल.

प्रश्न : वापरलेली ८५ मिमी पाहायला जाणार आहे. काय तपासू? (रत्नागिरी)

उत्तर : कोकणात पहिली शंका बुरशीची. दोन्ही टोपणं काढा, मागून मोबाइलची टॉर्च तिरकी मारा आणि पुढून पाहा. कोळिष्टकासारखे बारीक तंतू दिसले तर सौदा सोडा. साफ केल्यावरही काचेवरच्या लेपात खुणा राहतात. थोडी धूळ चालेल. मग कॅमेऱ्यावर लावून एफ ८ निवडा, डेप्थ-ऑफ-फील्ड प्रिव्ह्यूचं (निवडलेल्या एफपर्यंत तोंड मिटवणारं) बटण दाबून धरा आणि पुढून तोंड लहानमोठं करणारी पाती पाहा : तेलकट चमक नको. शेवटी भिंतीवर वर्तमानपत्र सपाट चिकटवून, कॅमेरा समोर सरळ टेकवून एफ १.८ला फोटो काढा आणि चारही कोपरे मोठे करून पाहा. सगळे सारखे मऊ असले तर ठीक. एकच कोपरा पुसट असेल तर कॅमेरा नीट सरळ करून पुन्हा काढा. तरीही तोच पुसट आला तर लेन्स कधीतरी पडली असण्याची शक्यता मोठी.

घरी आणल्यावर हवाबंद डब्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक घालून ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांत हवा. जेलचा रंग बदलला की तापवून पुन्हा वापरा. पावसाळ्यात लेन्स चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत बंद ठेवू नका.