मांजराला दोन दिवस शी झाली नाही, घरी काय करता येईल?

आधी एक खात्री करा: ती शीच अडकली आहे ना? बोका सारखा लिटरमध्ये (शी-शूच्या ट्रेमध्ये) बसून कण्हत असेल आणि लघवीचा थेंबही येत नसेल, तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. मग हे उत्तर वाचत बसू नका, रात्र असली तरी डॉक्टर गाठा.

लघवी व्यवस्थित होत असेल आणि खाणं चालू असेल, तर पाणी वाढवा. मांजरं मुळात पाणी कमी पितात, त्यात नुसतं कोरडं खाणं. आमची मनी नेरुळच्या उकाड्यातही वाटीकडे ढुंकून बघायची नाही. बाथरूमच्या नळाखाली मात्र तासभर. शेवटी तिच्या ओल्या खाण्यातच दोन-तीन चमचे कोमट पाणी कालवायला लागले. सोबत लाल भोपळा, नुसता वाफवून कुस्करलेला, एक छोटा चमचा. मीठ नाही, फोडणी नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काम झालं. (पहिल्या दिवशी तिने भोपळा तेवढा बाजूला काढून ठेवला होता.)

चाटताना पोटात केस कमी जावेत म्हणून रोज तिचे केस विंचरा, लिटर साफ ठेवा. घाणीत मांजर जात नाही, रोखून धरतं.

दूध, एरंडेल, माणसांची जुलाबाची औषधं नकोत. एनिमा तर घरी अजिबात नको, माणसांचा फॉस्फेटवाला मांजरांच्या जिवावर बेततो.

तिसरा दिवस उजाडला, उलटी झाली किंवा खाणं सुटलं, तर डॉक्टरकडेच.