सप्टेंबरमध्ये शिंगं वाजवून हरीण येतं का?

तुमचा प्रश्न असा की विस्कॉन्सिनमध्ये राहता, यंदा पहिल्यांदाच बो, म्हणजे शिकारीचं धनुष्य, घेतलाय, सप्टेंबरच्या मध्यात हरणाच्या शिकारीचं सीझन उघडलं की लगेच रॅटलिंग (नर झुंजतायत असं वाटावं म्हणून शिंगावर शिंग वाजवणं) सुरू करावं की नोव्हेंबरपर्यंत शिंगं पिशवीतच ठेवावीत.

पिशवीत नका ठेवू, पण व्हिडिओत बघता तशी धडाधड आपटूही नका. मी मूळचा साताऱ्याकडचा, त्यामुळे मला हे कुस्तीच्या भाषेतच कळलं. आखाड्यात दोन पैलवान आधी नुसती खडाखडी करतात ना, हाताला हात लावून समोरच्याचा अंदाज घेतात, कोणी जीव लावत नाही. सप्टेंबरातले नर हरणं तेच करतात. खरी कुस्ती लागते नोव्हेंबरात. तुम्ही सप्टेंबरात नोव्हेंबरचा आवाज काढलात तर आजूबाजूचं जनावर म्हणणार हे काय भलतंच, आणि निघून जाणार.

मी पहिल्या वर्षी हेच करून बसलो. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा, संध्याकाळ, अल्फाल्फाच्या (लसूणघासाच्या) शेताच्या कडेला स्टँडवर, म्हणजे मचाणावर, बसलेलो, समोर एक मादी आणि तिची दोन पिल्लं चरतायत, आणि मला वाटलं मागच्या झाडीत नर असेल तर बोलवू, म्हणून दोन्ही शिंगं अशी काय आपटली की माझंच बोट मध्ये सापडलं. मादीने मान वर केली, एक पाय आपटला, नाकातून फुर्रर्र केलं आणि तिघांच्या पांढऱ्या शेपट्या वर. शेत रिकामं. ज्यांची जमीन आहे ते म्हातारे शेतकरी लांबून ट्रॅक्टरवरून बघत होते, ते काही बोलले नाहीत, नुसते हसले, ते जास्त लागलं.

आता असं का होतं ते सांगतो, कारण हे कळलं की बाकीचं आपोआप कळतं. व्हाइटटेलच्या, म्हणजे इथल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या, नराची शिंगं उन्हाळाभर मखमली कातडीखाली वाढतात, ऑगस्टचा शेवट ते सप्टेंबरची सुरुवात या काळात ती कातडी गळते आणि टणक शिंग उघडं पडतं. दिवस लहान होत जातो तसं अंगातलं टेस्टोस्टेरॉन चढत जातं. पण सप्टेंबरात ते अजून पूर्ण चढलेलं नसतं, उन्हाळ्यात टोळक्याने एकत्र चरणारे नर अजून बऱ्यापैकी एकत्रच असतात, आणि रोजच्या ओळखीतल्या नराशी शिंगाला शिंग लावून कोण वरचढ ते ठरवतात, दोन मिनिटांनी परत शेजारी शेजारी चरायला. ऑक्टोबरात ही टोळकी फुटतात. आपल्या भागात माद्या जास्त करून नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास फळतात, सुमारे २०० दिवस गाभण राहतात, म्हणजे पिल्लू मे-जूनच्या हिरव्या चाऱ्यात जन्मतं. सगळं वेळापत्रक सूर्यावर आहे, थंडी उशिरा पडली म्हणून ते हलत नाही. थंड सकाळी नर उजेडात जास्त फिरताना दिसतात इतकंच.

आणि व्हिडिओंचं म्हणाल तर ते बहुतेक दक्षिण टेक्सासचे असतात. तिथे मोठमोठी खासगी रँच, वयस्कर नर भरपूर, माद्यांच्या मानाने नरांची संख्याही चांगली, त्यामुळे मादीसाठी चुरस असते आणि आवाज ऐकला की नर पळत येतो. तिथेच वेल्डर वाइल्डलाइफ रेफ्यूज या अभयारण्यात १९९० च्या दशकात मिकी हेलिक्सन या हरणांच्या अभ्यासकाने याचा रीतसर अभ्यास केला होता, १७१ वेळा शिंगं वाजवली, १११ नर आले. जोरात वाजवलं तेव्हा हळू वाजवल्यापेक्षा कितीतरी जास्त आले हे खरंय, लोक तेवढंच वाक्य उचलतात. पण ती हरणंही तिथली आणि हंगामही तिथला. आपल्या विस्कॉन्सिनच्या पब्लिक लँडवर, म्हणजे सगळ्यांना शिकारीसाठी खुल्या सरकारी जमिनीवर, दीड वर्षाचे पोरसवदा नरच जास्त, सप्टेंबरात ते मोठ्या मारामारीला घाबरतात.

त्या अभ्यासातली मला जास्त कामाची वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. वाजवणारा जमिनीवर आणि दुसरा माणूस उंच टॉवरवर होता, आणि टॉवरवरच्याला दिसलेले बरेच नर खालच्याला दिसलेच नाहीत. म्हणजे आपण म्हणतो काही आलं नाही, पण आलेलं असतं, वास घेऊन परत गेलेलं असतं. बहुतेक नर आपला वास जिकडे वाहतो त्याच बाजूने वळसा घालून आले होते. म्हणून बसताना पहिलं हे बघा की त्या बाजूला ओढा, तळं, उघडं शेत असं काहीतरी आहे का जिथून हरणाला लपून येता येणार नाही. ते जमत नसेल तर त्या दिवशी शिंगं काढूच नका, खरंच.

वाजवायचं कसं? शिंगांची टोकं एकमेकांत अडकवा आणि मनगट फिरवा, टिक-टिक, खर्र, थांबा, परत टिक. वीस-तीस सेकंद फार झाले. आवाज साधारण काचेच्या बांगड्या किणकिणतात त्याहून जरासा जड. मग अर्धा तास गप्प, आणि तो अर्धा तास धनुष्य हातात, शिंगं नव्हे. एका संध्याकाळी दोनदा, फार तर तीनदा. नर दिसत असेल आणि तुमच्याकडेच बघत असेल तर हातही हलवू नका, त्याला आवाज कुठून आला ते इंच न् इंच कळतं. तो पाठ फिरवून चाललाय तेव्हा एकदा हलकं टिक करा, बस.

माझा सप्टेंबरातला एकमेव चांगला अनुभव असाच. ओकची फळं पडत होती, संध्याकाळचे सव्वासहा, मी जेमतेम दहा सेकंद टोकं घासली असतील. पाच मिनिटांनी डाव्या हाताला पाचोळ्यात पाऊल, मग काहीच नाही, मग परत एक पाऊल. सहा टोकांचा लहान नर, कपाळावर अजून सुकलेल्या मखमलीची एक चिंधी लोंबत होती, तो रागात वगैरे अजिबात नव्हता हो, गल्लीत भांडण झालं की पोरं खिडकीतून डोकावतात तसा डोकावत होता. चाळीस पावलांवर थांबला, मध्ये फांदी होती, मी बाण सोडला नाही. त्याने एका रोपट्यावर डोकं घासलं आणि ओकची फळं खात बसला. अंधार पडेपर्यंत मी स्टँडवरून उतरू शकलो नाही, खाली हा बसलेला.

सामानाचं थोडक्यात. मध्यम आकाराची खरी गळलेली शिंगं घ्या, कपाळाजवळचं छोटं टोक करवतीने कापून टाका म्हणजे बोटं वाचतात, माझ्यासारखं व्हायचं नाही. फार वर्षं उन्हात पडलेलं पांढरं शिंग घेऊ नका, त्याचा आवाज बद्द येतो. शिंगांऐवजी वाजवायला आत काठ्या भरलेली ती छोटी पिशवी मिळते ना, हलक्या आवाजाला ती तर जास्तच सोपी, एका हाताने वळता येते. आणि चालताना शिंगं रबर लावून बांधा, नाहीतर पार्किंगपासून स्टँडपर्यंत रॅटलिंगच. माझी आई इकडे आली होती तेव्हा गॅरेजमध्ये ही शिंगं बघून म्हणाली, एक तुकडा दे, छातीला उगाळून लावायला. तिला सांगावं लागलं की हे आपलं सांबरशिंग नाही, आणि ते विकणंसुद्धा भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यात गुन्हा आहे. तिला काही पटलं नाही.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यापासून मात्र आवाज वाढवत न्या, पाचोळा तुडवा, फांदी मोडा, तेव्हा चालतं. पण थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारच्या सणाच्या) आधीच्या शनिवारी बंदुकीचं सीझन उघडलं की पब्लिक लँडवर मी शिंगं गाडीतच ठेवतो. नारिंगी जॅकेट घातलेलं असलं तरी झुडपामागे शिंगं हलतायत आणि आवाज येतोय, हे ऐकून पहिलं कोण येईल ते सांगता येत नाही, आणि त्याच्या हातात बंदूक असते.