जेवलं की धाप लागते, म्हणून जेवण तोडू नका

छातीच्या जुनाट आजाराच्या रुग्णांची घरची माणसं माझ्याकडे बहुतेक एकच गाऱ्हाणं घेऊन येतात. "जेवले की धाप लागते, म्हणून खाणंच कमी केलंय. वजन उतरत चाललंय." त्यातच कोणीतरी सांगितलेलं असतं की पोट रिकामं असलं की छाती मोकळी राहते. हा सल्ला ऐकला की माझा जीव कळवळतो.

मालवणकडचे एक बाबा आठवतात (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). सीओपीडी, म्हणजे श्वासाची वाट अरुंद करणारा फुफ्फुसाचा जुनाट आजार. उभा जन्म रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, सोबतीला बिडी. बिडी सुटली होती, इन्हेलर नेमाने चालू होता, तरी गालफडं बसलेली आणि वजन 42 किलो. "जेवलय काय धाप लागता," एवढंच बोलायचे. काकींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, हळूच सांगितलं की त्यांनी मासेही सोडलेत. दमात काटा नीट काढता येत नाही, आणि बायकोने सोलून दिलेलं खायची लाज वाटते.

भीती घालवून मग जेवायला बसवायचं, हे मला पटत नाही. आधी घास जातो, भीती मागाहून जाते. पण तो पहिला घास जावा कसा? बऱ्याच भेटी इकडच्या तिकडच्या गप्पांत गेल्या. मग एकदा विचारलं, "बाबा, रापणीच्या दिवशी काय खायचात?"

"पेज. पेज जेवल्याशिवाय रापण कोण ओढतलो?"

"आता तुमची छाती रात्रंदिवस रापण ओढतेय. तिला उपाशी ठेवलंत तर कसं चालेल?"

बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मगे मी जेवचा कधी नि कितक्या?"

माझ्या लेखी समुपदेशन त्या प्रश्नात झालं. तोवर 'खाल्लं तर काय होईल' एवढंच चाललं होतं, आता त्यांनी वेळ आणि माप विचारलं.

या आजारात फुफ्फुसात हवा अडकते, ती फुगून राहतात आणि छातीखालचा श्वासपटल सपाट होतो. मग प्रत्येक श्वासाला जास्त जोर लागतो, जास्त उष्मांक जळतात. अन्न कमी पडलं की शरीर स्नायू खातं, त्यात श्वासपटलही झिजतो. खोकल्यातला जोर जातो, कफ आतच राहतो. फुफ्फुसाची झीज भरून येत नाही, स्नायूंची ताकद मात्र बरीच वाढवता येते.

म्हणून दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा वेळा थोडं थोडं. जेवणाआधी थोडी विश्रांती, ताठ बसून हात टेबलावर टेकवायचे, घासांच्या मध्ये ओठ चंबूसारखे करून सावकाश श्वास सोडायचा. पाणी जेवणासोबत फार नको. नाचणीच्या पेजेत नारळाचा रस, कुळथाच्या पिठीवर तूप, अंडं, आणि बांगडा काटे काढूनच ताटात. काकी सगळ्यांच्याच ताटात तसा वाढू लागल्या, तेव्हा बाबांची लाज गेली. वजनाच्या दर किलोमागे 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे बाबांना साधारण 50 ते 63 ग्रॅम. एका अंड्यात सुमारे 6. मूत्रपिंडाचा विकार असेल तर हे माप डॉक्टरांनीच ठरवायचं.

नुसतं खाऊनही भागत नाही, स्नायूला काम लागतं. बाबा अंगणात चालू लागले. फिजिओथेरपिस्टनी श्वास ओढण्याचा जोर मोजला आणि त्याच्या 30 टक्क्यांच्या आसपास अडथळा लावून श्वास ओढायचं उपकरण दिलं. खाणं पुरेसं होत नसताना हा व्यायाम रेटू नये. बाबांचं वजन हळूहळू वाढलं, आणि विहिरीपर्यंत ते न थांबता जाऊ लागले.

वजन झपाट्याने उतरत असेल, संध्याकाळी कणकण येत असेल किंवा थुंकीत रक्त दिसलं, तर आहाराचं नंतर बघू. आधी थुंकीची क्षयरोगाची तपासणी करून घ्या, सरकारी दवाखान्यात ती मोफत होते.