विमानाआधी भागीदारीचा करार काढून वाचा

प्रश्न: मी 54 वर्षांचा असून नाशिक जिल्ह्यात धाकट्या भावासोबत भागीदारीत द्राक्षनिर्यात व शीतगृहाचा व्यवसाय करतो. सोलापूर-लातूरकडच्या बागायतदारांकडे जाण्या-येण्यासाठी 2008 सालचे सेस्ना ग्रँड कॅराव्हॅन विमान अमेरिकेतून 13 कोटींना फर्मच्या नावे घ्यायचे आहे. इंजिन ओव्हरहॉलनंतर (पूर्ण उघडून केलेल्या दुरुस्तीनंतर) 3,100 तास चालले आहे. एरवी विमान भाड्याने देऊ. शिवाय बँकेच्या सल्ल्याने गेल्या आठवड्यात वर्षाला 40 लाख हप्त्याचे युलिप (बाजाराशी जोडलेली विमा योजना) घेतले आहे; एजंटाने 15 टक्के परताव्याचा तक्ता दाखवला आहे, त्यातून देखभाल निघेल. भावाला विमान आल्यावरच सांगणार आहे. रोखीने घ्यावे की कर्ज काढून?

उत्तर: रोख की कर्ज हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू, कारण 13 कोटी हा आकडाच खरा नाही. खासगी वापराच्या विमानावर आता 40 टक्के जीएसटी आहे, म्हणजे रक्कम 18 कोटींवर गेली. या इंजिनाची ओव्हरहॉलची मर्यादा साधारण 3,600 तासांची असते. वर्षाला 150 तास उडवल्यास साधारण सव्वातीन वर्षांत तीन कोटींच्या घरातला खर्च समोर येईल आणि त्यातला मोठा वाटा आधीच्या मालकाने वापरलेल्या तासांचा असेल. तो किमतीतून वजा करून मागावा. तासाला सुमारे 190 लिटर इंधन, वैमानिक, विमा, हँगर धरता वर्षाला सव्वा कोटीच्या खाली भागणार नाही. भाड्याचे उत्पन्न तर हिशेबातून खोडूनच टाका. खासगी म्हणून नोंदलेले विमान भाड्याने देता येत नाही, त्यासाठी वेगळा परवाना लागतो.

ज्या युलिपवर देखभालीची भिस्त आहे, त्यात पाच वर्षे पैसे अडकतात. एजंटाने दाखवलेला 15 टक्क्यांचा तक्ता त्याने घरी बनवलेला असावा, कारण अधिकृत तक्त्यात 4 आणि 8 टक्केच दाखवता येतात. वर्षाला अडीच लाखांवर हप्ता असल्याने मुदतपूर्तीच्या नफ्यावर करही लागेल. पॉलिसी हाती आल्यापासून 30 दिवसांत ती परत करता येते, तेव्हा किरकोळ वजावट सोसून या आठवड्यातच लेखी अर्ज द्या.

मात्र आपल्या पत्रातली सर्वांत महाग चूक शेवटून दुसऱ्या वाक्यात आहे. 1932 च्या भागीदारी कायद्यानुसार फर्मच्या देण्यांना प्रत्येक भागीदार वैयक्तिकरीत्याही जबाबदार असतो. विमान फर्मच्या नावावर असताना अपघात झाला आणि भरपाई विम्याच्या रकमेपलीकडे गेली, तर शीतगृहाबरोबर आपल्या बंधूंचे घर आणि त्यांच्या नावची बागही त्या दाव्याखाली येईल. ज्याची त्यांना कल्पनाही नाही, असा धोका आपण त्यांच्या अंगावर टाकत आहात. शिवाय व्यवसायाचे स्वरूप बदलायला सर्व भागीदारांची संमती लागते, आणि द्राक्षनिर्यातीच्या फर्मने विमान बाळगणे हा किरकोळ बदल आहे, असे म्हणायला मी तरी धजणार नाही. भागीदारीत असे आश्चर्याचे धक्के देऊ नयेत.

विमान घ्यायचेच असेल, तर स्वतंत्र खासगी मर्यादित कंपनी काढून, स्वतःच्या वाट्याच्या पैशातून आणि फर्मची हमी न देता घ्या. विमान खरेदीच्या कराराचा मसुदा वकिलांकडून तपासून घ्या. त्याआधी बंधूंना बसवून हे सगळे आकडे दाखवा. इंजिनाच्या लॉगबुकच्या प्रती व स्वतंत्र तपासणीचा अहवाल येईपर्यंत विक्रेत्याला आगाऊ रक्कम पाठवू नका.