टेबलामागून : अर्धा किलो कुंद्याची पैज

प्रश्न : सर, मी शहापूरचा. माझं वय 19, मामांचं 47. मामा म्हणतात, मायकल जॉर्डनसारखा बास्केटबॉलपटू झाला नाही आणि होणार नाही. सहा वेळा फायनल, सहा वेळा विजेता, विषय संपला. मी म्हणतो लेब्रॉन जेम्स. त्याचे गुण 40 हजारांवर गेलेत, विषय आता कुठे सुरू झालाय. अर्धा किलो कुंद्याची पैज लागली आहे. तुम्ही सांगाल ते दोघांना मान्य. आजवरचा सर्वांत मोठा खेळाडू कोण, आणि ते ठरवायचं कसं?
– एक भाचा, शहापूर, बेळगाव

उत्तर : मामा-भाच्यांनी मिळून मला पंच केलंत, पण पंच मी कधीच नव्हतो. जन्मभर शाळेत पी.टी. शिकवली आणि स्पर्धा आल्या की टेबलावर बसलो. टेबल म्हणजे स्कोअररची जागा. मैदानाच्या कडेला, मधोमध, एका हाताला एका संघाचा बाक आणि दुसऱ्या हाताला दुसऱ्याचा. खानापूरकडे जुलै-ऑगस्टमध्ये सामने असले की स्कोअरशीटवर प्लास्टिक धरून उभा राहायला एक पोरगा वेगळा लागायचा. तेव्हा मी जे सांगणार ते त्या टेबलावरून दिसलेलं. पटलं तर बघा.

आमच्या शीटवर काय असतं? गुण, फाऊल, टाइम-आऊट. झालं. रिबाउंड (चुकून रिंगवरून उडालेला चेंडू) कोणी ओढला, पास कोणी दिला, शॉट कोणी अडवला, याला रकानाच नाही. एका तालुका स्पर्धेत आमच्याकडे एक लांबट पोरगा होता. सेमीफायनलला त्याचे गुण 4. पण तो रिंगखाली हात वर करून उभा राहिला आणि समोरची पोरं आत यायचीच बंद झाली. लांबून मारायची, चुकवायची. आम्ही जिंकलो. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी 18 गुण करणाऱ्याचं नाव माइकवरून घेतलं गेलं. हा लांबट मागच्या रांगेत नखं खात उभा. मला तेव्हा फार वाईट वाटलं, आणि त्या दिवसापासून मी एक शंभर पानी वही वेगळी ठेवायला लागलो. शीटला जे दिसत नाही ते वहीत.

आता बोस्टन सेल्टिक्सचा बिल रसेल घ्या. 1957 ते 1969 या 13 मोसमांत 11 विजेतेपदं. गुणांची सरासरी फक्त 15 च्या आसपास. भाच्या, तुझ्या मोबाइलवरच्या गुणांच्या यादीत असा माणूस किती खाली सापडेल, बघ. त्याने शॉट किती अडवले? एनबीएच्या, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या, कागदावर एकही नाही, कारण ब्लॉक (अडवलेले शॉट) आणि स्टील (हिसकावलेले चेंडू) मोजायला त्यांनी सुरुवात केली 1973-74 मध्ये, आणि रसेल 1969 लाच थांबला होता. फायनलच्या सर्वोत्तम खेळाडूचं बक्षीसही 1969 मध्येच सुरू झालं आणि पहिलं गेलं ते हरलेल्या लेकर्सच्या जेरी वेस्टला. आज त्या बक्षिसाला नाव रसेलचं आहे, पण त्याच्या स्वतःच्या खात्यात ते एकही नाही. आमचा लांबट पोरगाच म्हणायचा, फक्त तिकडचा.

मात्र रसेलच्या सुरुवातीच्या काळात लीगमध्ये 8 संघ होते, आणि दोन फेऱ्या जिंकल्या की किताब हातात. जॉर्डनला चार फेऱ्या जिंकाव्या लागल्या. म्हणून 11 आणि 6 शेजारी ठेवून नुसती वजाबाकी करू नका. तीन गुणांची रेषासुद्धा एनबीएत 1979-80 ला आली. त्याआधी लांबून मारणाऱ्याला दोनच मिळायचे. काळाप्रमाणे कागदच बदलत गेलाय.

आणि गुण म्हणाल तर विल्ट चेंबरलेन. 2 मार्च 1962, हर्शी नावाचं पेनसिल्व्हेनियातलं गाव, एका माणसाचे 100 गुण. फिलाडेल्फिया वॉरियर्स 169, न्यूयॉर्क निक्स 147. त्या सामन्याची चित्रफीत नाही. कागदावर 100 लिहून तो हातात धरलेला विल्टचा फोटो मात्र आहे. (लेब्रॉनने 40 हजार ओलांडले तेही 2 मार्चलाच, 2024 साली. भाच्याला हे आवडेल.) शेवटी शेवटी वॉरियर्स सगळे चेंडू विल्टलाच देत होते, आणि चेंडू त्याच्याकडे जाऊच नये म्हणून निक्सवाले दुसऱ्यांना मुद्दाम फाऊल करत होते. स्कोअरर म्हणून मी त्यातला एक गुण खोडणार नाही. पण ते 100 कसे झाले, हे 100 या आकड्यात दिसत नाही.

आता स्वतःची एक गोष्ट कबूल करतो. निवृत्तीनंतर ती वही परत चाळली. आमच्या शाळेच्या मैदानावरच्या सामन्यांत आमच्या पोरांचे रिबाउंड भरपूर. बाहेरगावी, निपाणीला किंवा चिकोडीला, तीच पोरं, पण आकडे निम्मे. पोरं तीच, वहीही तीच. पेन्सिल मात्र घरी जरा सढळ चालायची. पलीकडच्या पोराचं बोट लागलेला चेंडूही मी आमच्याच खात्यात टाकत असणार. हे सांगायचं कारण, 1987-88 ला जॉर्डन सर्वोत्तम बचावपटू ठरला, त्या मोसमातल्या त्याच्या स्टील आणि ब्लॉकवर 2024 मध्ये एका पत्रकाराने बोट ठेवलं. शिकागोतल्या, म्हणजे जॉर्डनच्या संघाच्या घरच्या, सामन्यांतले आकडे बाहेरच्यांपेक्षा बरेच जास्त निघाले. मामा, रागावू नका. त्याच मोसमात त्याची गुणांची सरासरी 35 होती, आणि चेंडू जाळीत पडला की नाही याबद्दल पेन्सिलीला काही करता येत नाही. पण घरचा स्कोअरर म्हणजे काय चीज असते, ते मला माहीत आहे.

‘सहा पैकी सहा’ या मामांच्या हुकमाच्या पानाकडे येऊ. पान चांगलंय, पण त्याची मागची बाजू बघा. 1985, 86, 87 ला जॉर्डन पहिल्याच फेरीत बाहेर पडला. 1988, 89, 90 ला डेट्रॉइट पिस्टन्सने त्याला वाटेत अडवलं. लेब्रॉन 10 फायनल खेळला, 4 जिंकला, 6 हरला. फायनलला पोचून हरणं हा कलंक, आणि पहिल्या फेरीत हरणं माफ, हे गणित मला कधी कळलं नाही. आमच्या शाळेत जिल्ह्याची फायनल हरलेल्या संघाला निदान चहा-भजी मिळायची. पहिल्या फेरीत हरलेले एस.टी. पकडून गपचूप घरी यायचे.

भाच्यासाठी आणखी एक. 2016 ची फायनल. मोसमात 73 सामने जिंकलेला गोल्डन स्टेट समोर, लेब्रॉनचा क्लीव्हलँड 3-1 ने मागे, तिथून सलग तीन जिंकले. त्या सात सामन्यांत दोन्ही संघ धरून सर्वांत जास्त गुण, रिबाउंड, असिस्ट (ज्यावर बास्केट होते तो पास), स्टील आणि ब्लॉक लेब्रॉनचे. पाचही रकाने एका माणसाचे. टेबलावर बसून असं शीट भरायला मिळालं असतं तर मी ते फ्रेम करून देवघराशेजारी लावलं असतं.

मग ठरवायचं कसं? माझी मोजपट्टी सांगतो, ती टेबलावरच सापडली. टाइम-आऊट एक मिनिटाचा. मी दोन बाकांच्या मध्ये, दोन्हीकडचं ऐकू येतं, कान कितीही झाकले तरी. आपला कोच आपल्या पोरांवर ओरडत असतो, ते सोडून द्या. समोरचा कोच त्या 60 सेकंदांत कोणाबद्दल बोलतो, ते ऐकायचं. धारवाडकडचे एक कोच यायचे. ते खाली वाकून एवढंच म्हणायचे, ‘अवन्न बिडब्याड’, त्याला सोडू नको. हा ‘तो’ कोण, हे कळायला शीट लागत नव्हतं. बऱ्याचदा तो सर्वांत जास्त गुणवाला नसायचाच.

म्हणून मी विचारतो, कोणामुळे इतरांना आपला खेळ बदलावा लागला? चेंबरलेनच्या काळात, 1964 ला, एनबीएने रिंगखालचा पट्टा 12 फुटांचा 16 फूट केला, तो बराचसा त्याला रिंगपासून लांब ढकलायला. पुढे करीम अब्दुल-जब्बार झालेला पोरगा कॉलेजात असताना, 1967 मध्ये, अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलने डंक, म्हणजे उडी मारून चेंडू वरून रिंगमध्ये कोंबणं, बंद केला, आणि लोक अजून म्हणतात की तो त्याच्यासाठीच. मग या पोराने पुढे हुक शॉटच्या (हात डोक्यावरून वळवून मारायच्या शॉटच्या) जोरावर एनबीएत 38,387 गुण केले. तो विक्रम लेब्रॉनने 2023 ला मोडला. आणि जॉर्डनसाठी पिस्टन्सच्या चक डेली या कोचने आख्खी नियमावली केली होती, ‘जॉर्डन रूल्स’ म्हणतात तिला. कुठल्या बाजूने त्याला वळवायचं, कधी दोघांनी धावून जायचं, आत शिरला की कसं पाडायचं. तीन वर्षं ती लागू पडली.

माझं पारडं इथे झुकतं. जगाने उपाय शोधला, की त्या उपायावर उपाय कोणी शोधला? जॉर्डनने अंगात बळ वाढवलं, हे तर झालंच. पण फिल जॅक्सन कोच झाल्यावर तो चेंडू सोडायला शिकला. दोघं अंगावर आले की मोकळ्या साथीदाराला पास. 1991 ला त्याच पिस्टन्सना 4-0 हरवलं आणि नंतर पहिलं विजेतेपद घेतलं. सर्वांत जास्त गुण करणाऱ्याला पास द्यायला शिकवणं किती अवघड, हे ज्याने नववीच्या पोरांना बास्केटबॉल शिकवलाय त्याला विचारा.

तेव्हा निकाल असा : जॉर्डन, केसभर. लेब्रॉनसारखा दीर्घकाळ टिकलेला दुसरा नाही. ‘वीस वर्षांसाठी एकच माणूस घे’ असं कोणी म्हटलं तर मी त्यालाच घेईन. भाच्याने कुंदा आणावा. मात्र मामांनी ‘विषय संपला’ म्हटल्याबद्दल त्यातला पाव किलो परत द्यावा.

प्रश्न : कुस्तीत एकास एक असतं. तिथे तरी सर्वांत मोठा कोण, हे ठरवता येत असेल ना?
– एक वाचक, एकसंबा

उत्तर : एकसंब्याच्या माणसाने हे विचारावं! तुमच्या गावच्या श्रीपती खंचनाळेंनी 1959 ला पहिली हिंद केसरीची गदा आणली. आता नंतरच्या हिंद केसरींशी त्यांची कुस्ती लावायची कोणत्या मैदानात? पारावर लागते, रोज संध्याकाळी लागते, आणि तिथे ते अजून हरलेले नाहीत. मातीवरचा पैलवान आणि मॅटवरचा पैलवान हे दोन वेगळे कागद आहेत, वर सांगितलं तसेच.

प्रश्न : सगळी चर्चा पुरुषांचीच का? मी दहावीत आहे, शाळेच्या संघात खेळते.
– खानापूर

उत्तर : चूक माझी. तुझ्या बाजूने नाव देतो, डायना तौरासी. 2004 ते 2024, सलग सहा ऑलिंपिक, सहा सुवर्णपदकं. पुरुषांत इतकी कोणाकडेच नाहीत. आपल्याकडची गीतू ॲना जोस 2011 मध्ये अमेरिकेतल्या डब्ल्यूएनबीएच्या, म्हणजे महिलांच्या लीगच्या, संघांकडे चाचणीला गेली होती. तिचे जुने सामने मिळाले तर बघ. रिंगखाली पाय कसे टाकते तेवढंच बघ, चेंडूकडे बघू नकोस.

प्रश्न : मुलगा आठवीत, उंची बेताची. घरी सगळे म्हणतात बास्केटबॉल सोड, क्रिकेट खेळ. काय करावं?
– एक पालक, निपाणी

उत्तर : मग्सी बोग्स 5 फूट 3 इंचांचा होता आणि एनबीएत 14 मोसम खेळला. मुलाला सोमवारपासून पाठवा. बूट मात्र खाचा असलेल्या सोलचे घ्या. पावसाळ्यात आपल्याकडच्या सिमेंटच्या कोर्टवर शेवाळ धरतं, आणि सगळ्यात आधी पडतो तो नवा पोरगा.