किशोर कादंबऱ्या वाचणं आणि पुस्तकांवरचे व्हिडिओ बघणं म्हणजे खरं वाचन नाही का?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: वय १४, किशोर कादंबऱ्या एकामागून एक वाचतेस, रोज तासभर पुस्तकांवरचे व्हिडिओ बघतेस, आणि मोठा भाऊ म्हणतो की याला वाचन म्हणत नाहीत. तेव्हा व्हिडिओ बंद करावेत का, आणि मोठ्यांची पुस्तकं कधी सुरू करावीत?

त्यातल्या मोठ्या भावाबद्दल वाचलं आणि मी लिहायला बसले. मी आता १९ वर्षांची आहे. माझा चुलतभाऊ, दादा, गेली पाच वर्षं हेच वाक्य मला ऐकवतो आहे.

सुरुवात माझ्याच चुकीपासून झाली, ते आधी सांगते. तेव्हा मी तुझ्याच वयाची होते. घरात सगळे जमले होते आणि कोणीतरी विचारलं, सध्या काय वाचतेस? मी म्हणाले, 'द आउटसायडर्स'. पुस्तक माझ्याकडे होतं, पहिली तीसेक पानं झाली होती. पण आदल्या रात्री मी त्याचा चौदा मिनिटांचा सारांश व्हिडिओ बघितला होता आणि त्या जोरावर बोलत सुटले. ग्रीसर आणि सोश या पोरांच्या दोन टोळ्या, बागेतला खून, जळणारं चर्च, जॉनीचा मृत्यू, सगळं क्रमाने सांगितलं. शेवटी सगळी कादंबरी म्हणजे गोष्ट सांगणाऱ्या पोनीबॉयने शाळेच्या बाईंसाठी... (तिथेसुद्धा चुकले, ते सर आहेत) लिहिलेला निबंध निघतो आणि पहिलं वाक्यच शेवटचं वाक्य होतं, हेही सांगितलं. सगळे कौतुकाने ऐकत होते.

दादा तेव्हा कॉलेजात होता. त्याने शांतपणे विचारलं, "सोडापॉप शेवटी घरातून पळत का सुटतो?"

मला माहीत नव्हतं. व्हिडिओत ते नव्हतंच. मी गप्प झाले, आणि तो सगळ्यांकडे बघून म्हणाला, "ही पिढी वाचत नाही, बघते. आणि ही पुस्तकंही बघण्याच्याच लायकीची असतात."

पहिलं वाक्य मला लागू होतं, ते मी मान्य केलं. दुसरं मान्य नव्हतं आणि आजही नाही.

त्याच आठवड्यात मी पुस्तक पूर्ण वाचलं. सोडापॉप हा तिघा भावांतला मधला. आईवडील गाडीच्या अपघातात गेलेले. थोरला डॅरी वीस वर्षांचा, घर चालवतो आणि धाकट्याला धाकात ठेवतो. धाकटा पोनीबॉय चौदाचा, त्याला वाटतं डॅरीला आपण नकोसे आहोत. दोघं सतत भांडतात आणि दोघांनाही सोडापॉप आपल्या बाजूने हवा असतो. हसरा, सगळ्यांना सांभाळून घेणारा, त्याला कधी काही होत नाही असंच घरात धरून चाललेलं. शेवटाकडे असंच एक भांडण चालू असताना तो अचानक दाराबाहेर धावत सुटतो. मागे एक पाकीट पडतं. त्याने सॅंडीला, त्याच्या मैत्रिणीला, लिहिलेलं पत्र न उघडताच परत आलेलं असतं. दोघं भाऊ मागे धावतात, बागेत त्याला गाठतात, आणि तो त्यांना सांगतो की तुमच्या रस्सीखेचीत माझे दोन तुकडे होतायत. पोनीबॉयला तेव्हा कळतं की आपण या भावाला कधी विचारलंच नाही. सगळं पुस्तक तोच सांगत आला आणि एवढ्या जवळचं माणूस त्याला दिसलं नाही.

हे वाचल्यावर मी मागे जाऊन सोडापॉपची प्रत्येक जागा पुन्हा वाचली. लेखिकेने सगळीकडे खुणा ठेवल्या आहेत, फक्त सांगणारा पोरगा त्या ओलांडून पुढे जातो आणि त्याच्याबरोबर आपणही जातो. किशोर कादंबरीवर माझा जीव आहे तो यामुळे. सांगणारा चौदा-पंधराचा असतो, त्याला सगळं कळत नसतं, आणि जे त्याला कळत नाही तेही वाचणाऱ्याला दिसेल असं लिहावं लागतं. हे सोपं लिखाण नाही. एस. ई. हिंटनने ही कादंबरी लिहायला घेतली तेव्हा ती पंधरा वर्षांची होती आणि १९६७ साली पुस्तक आलं तेव्हा अठराची. नावाची फक्त आद्याक्षरं छापली, कारण मुलांच्या टोळ्यांची गोष्ट मुलीने लिहिली आहे म्हटल्यावर समीक्षक बाजूला सारतील अशी प्रकाशकांना धास्ती होती. म्हणजे वाचण्याआधीच निकाल देणारी माणसं तेव्हाही होती.

आणखी एक. १९८३ मध्ये फ्रान्सिस फोर्ड कपोलाने यावर सिनेमा काढला. तो निघाला कसा, तर कॅलिफोर्नियातल्या एका शाळेच्या ग्रंथपाल बाईंनी आणि मुलांनी सह्या करून त्याला पत्र पाठवलं होतं की हे पुस्तक तुम्ही करा. पण त्या सिनेमातही तिघा भावांचा बागेतला प्रसंग नव्हता. २००५ मध्ये बावीस मिनिटं वाढवून नवी आवृत्ती काढली, तेव्हा भावांचे प्रसंग परत आले आणि हाही आला. सारांशवाल्याने गाळला, सिनेमानेही आधी गाळला. कारण या प्रसंगाने कथानक पुढे सरकत नाही. कोणी मरत नाही, काही जळत नाही. एक पत्र परत येतं, बस.

व्हिडिओंबद्दलचं माझं मत यातूनच बनलं. बंद अजिबात करू नकोस. सारांशाचे बंद कर. पुस्तक वाचण्याआधी बघितलास तर त्यात जे आहे तेवढंच पुस्तकात दिसतं, आणि न वाचता बघितलास तर माझं झालं तेच होईल. आणलेल्या पुस्तकांची चळत दाखवणारे व्हिडिओ मला निरर्थक वाटतात, त्यात वाचलेलं काहीच नसतं. महिन्याला चाळीस पुस्तकं वाचल्याचे आकडे सांगणारेही तसेच. ते बघून मी एकदा वाचनाचा वेग वाढवायला गेले आणि त्या दोन महिन्यांत वाचलेलं एकही पुस्तक आज धड आठवत नाही.

आवडतात ते वेगळे. एखादी मुलगी तीन वर्षांनी तेच पुस्तक पुन्हा वाचते आणि कॅमेऱ्यासमोर कबूल करते की तेव्हा मला हा नायक आवडला होता, आता भीती वाटते, असले. एकाच प्रसंगावर वीस मिनिटं बोलणारे. पुस्तक उघडं ठेवून न बोलता तासभर सोबत वाचत बसणारेही, परीक्षेच्या दिवसांत मी तेच लावून बसायचे. आणि व्लॉगब्रदर्स हे यूट्यूब चॅनल. जॉन आणि हँक ग्रीन या दोन भावांनी १ जानेवारी २००७ ला ठरवलं की वर्षभर एकमेकांना लिहून काही कळवायचं नाही, व्हिडिओतूनच बोलायचं. जॉन किशोर कादंबऱ्या लिहितो म्हणून मी तिथे गेले आणि राहिले त्या दोघांच्या बोलण्यासाठी. एक भाऊ दुसऱ्याला पुस्तकाबद्दल सांगतो, दुसरा ऐकतो, मग आपलं सांगतो. मला दादाशी असं बोलायचं होतं.

मोठ्यांची पुस्तकं कधी, याचं उत्तर मी वय सांगून देणार नाही, कारण कपाटावरची पाटी पुस्तकाबद्दल फारसं सांगत नाही. मार्क हॅडनची 'द क्युरियस इन्सिडेंट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम' २००३ मध्ये ब्रिटनमध्ये एकाच वेळी दोन आवृत्त्यांत आली, एक मोठ्यांसाठी, एक मुलांसाठी. मार्कस झुसाकची 'द बुक थीफ' ऑस्ट्रेलियात मोठ्यांची म्हणून निघाली आणि अमेरिकेत किशोरांची म्हणून. मजकूर तोच. आता यातली कुठली प्रत वाचली तर ते खरं वाचन? दादाला हे विचारलं तेव्हा तो म्हणाला, ते अपवाद. दोन अपवाद सांगितले की तिसरा माग, असं त्याचं चालतं.

किशोर कादंबऱ्या सगळ्या चांगल्या असतात असं मी म्हणत नाही. २००८ मध्ये 'द हंगर गेम्स' आली आणि पुढची काही वर्षं तोच साचा: मोडकळीला आलेलं जग, सोळा वर्षांची निवडली गेलेली मुलगी, तिच्यावर जीव टाकणारे दोन मुलगे. त्यातल्या बऱ्याच मालिका मी दुसऱ्या भागात सोडल्या. मूळ पुस्तक मात्र अजून टिकतं, कारण तिथे सगळा देश मुलांना मरताना पडद्यावर बघतो आणि मुलीला ते माहीत असतं. जिवंत राहायचं तर बघणाऱ्यांना आवडायला हवं, म्हणून ती प्रेमसुद्धा कॅमेऱ्यासाठी दाखवते. रोज तासभर व्हिडिओ बघणारीने ते वाचावंच. साच्यातली दोन-तीन पुस्तकं ओळीने वाचून कंटाळा आला, की तुझी तूच शेजारच्या कपाटाकडे जाशील. माझं तसंच झालं, कोणी हाताला धरून नेलं नाही.

एक राहिलं, आणि ते गंभीरपणे घे. किशोरांसाठी म्हणजे हलकं, असं नसतं. जे ॲशर या लेखकाची 'थर्टीन रीझन्स व्हाय' २००७ ची, विषय एका मुलीची आत्महत्या. त्यावरच्या मालिकेतलं ते दृश्य नेटफ्लिक्सने २०१९ मध्ये काढून टाकलं, कारण मुलांवरच्या परिणामाची काळजी डॉक्टर आणि पालक दोघांनी बोलून दाखवली होती. मन आधीच खचलेलं असेल तेव्हा असलं पुस्तक एकटीने वाचू नकोस. बाजूला ठेव, आणि घरात कोणालातरी सांग.

आणि दादा वाईट माणूस आहे असा समज करून घेऊ नकोस. त्या दिवशीचा त्याचा प्रश्न योग्य होता. तो विचारला नसता तर मी पुस्तक अर्धंच ठेवलं असतं.

पण गेल्या महिन्यात मी त्याला विचारलं, तू 'द आउटसायडर्स' कधी वाचलंस? आठवीत, म्हणाला. एकदाच. म्हणजे मला प्रश्न विचारला तेव्हा ते वाचून सात वर्षं झाली होती. सारांशवाल्याला जे सांगावंसं वाटलं नाही ते सात वर्षांनी त्याच्या तोंडावर होतं. मी म्हणाले, दादा, तुझ्या त्या मोठ्यांच्या कादंबऱ्यांतलं एखादं पात्र सांग, दुय्यम चालेल, जे तुला इतकं आठवतं. तो बराच वेळ विचार करत होता. मग म्हणाला, सांगतो नंतर.

तुझ्या भावालाही हेच विचार. तो तुझ्या वयाचा असताना त्याने काय वाचलं होतं आणि त्यातलं काय लक्षात आहे. चिडून विचारू नकोस, खरंच ऐकायला बस, कारण त्याच्याकडेही एखादा सोडापॉप असणार. दादाने नाव सांगितलं की या उत्तराखाली जोडेन.